वस्तीबैठक: जिल्हा परिषद शाळेमागे पालक उभे करण्याची रीत

साठ मुलांच्या जिल्हा परिषद शाळेत पालकसभा ठेवली की पंधरा-वीस पालक येतात. वर्गात बाकांवर ओळीनं बसतात. समोर टेबल, टेबलामागे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, सरपंच. दीड तास सभा चालते आणि बोलतात ते टेबलामागचे. मागच्या बाकावरची आई मनातलं मनातच घेऊन घरी जाते. मग शाळेत सूर निघतो की पालकांना काही पडलेली नाही. पडलेली असते. पण सगळ्या गावासमोर, गुरुजींच्या तोंडावर बोलायची सवय नसते, आणि जिची शाळा चौथीत सुटली तिला त्या बाकावर बसणंच अवघड जातं.

हेच पालक स्वतःच्या आळीत, ओळखीच्या ओट्यावर, आठ-दहा शेजाऱ्यांत बसले की बोलतात. वस्तीबैठक म्हणजे एवढंच: एका वस्तीतले आठ ते चौदा पालक, कुणाच्या तरी अंगणात, एक तास, शाळेबद्दल एकच काम ठरवण्यासाठी. समितीचा सदस्य, शिक्षक, बचत गटातली ताई किंवा गावातला माजी विद्यार्थी, कुणीही ती घेऊ शकतो. पुढची रीत पहिली ते पाचवी किंवा आठवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेसाठी आहे.

आधी शाळेचा एक कागद तयार करा

रिकाम्या हातानं बैठकीला गेलात तर चर्चा ऐकीव गोष्टींवर होते. आधी मुख्याध्यापकांना भेटा, हेतू स्पष्ट सांगा आणि एका पानावर पाच गोष्टी उतरवून घ्या.

पहिली, इयत्तावार पट आणि मागच्या दोन वर्षांचा पट. दुसरी, शिक्षक किती मंजूर, किती हजर. तिसरी, मागच्या महिन्याची सरासरी हजेरी. चौथी, यंदा शाळेला कोणतं अनुदान आलं आणि कशावर गेलं. पाचवी, मुलांचं वाचन.

शिक्षकांचा हिशेब शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. मुलं १५० च्या वर गेली की वेगळा मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे निदान एक. हे आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण "आमच्या शाळेत मास्तर कमी आहेत का?" हा प्रश्न प्रत्येक वस्तीत येतो आणि त्याचं उत्तर अंदाजानं देऊ नये.

अनुदानाचंही तसंच. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान मिळतं: ३० मुलांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. ही शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चाची मर्यादा आहे आणि हप्ते उशिरा येतात. हा आकडा पालकांसमोर मोकळेपणानं ठेवला की "शाळेला लाखो रुपये येतात, जातात कुठे?" हा संशय बराचसा तिथंच विरतो. मुख्याध्यापक आकडे द्यायला कचरत असतील तर त्यांना हेच समजावून सांगा. इमारत, खोल्या, स्वच्छतागृहं, पट यांची माहिती यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-संकेतस्थळावरच्या शाळेच्या अहवालपत्रातही मिळते, पण ती आदल्या शैक्षणिक वर्षाची असू शकते. शाळेच्या नोंदवहीशी ताडून घ्या.

वाचनासाठी 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत वापरतात तशी साधी पायरी पुरते: मूल अक्षर ओळखतं, शब्द वाचतं, छोटा परिच्छेद वाचतं की दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतं. वर्गशिक्षकांकडून फक्त संख्या घ्या: तिसरीतल्या १४ पैकी गोष्ट वाचणारी ५, परिच्छेदापर्यंत पोचलेली ४, शब्दांवर अडलेली ५. नावं कागदावर नकोत. वस्तीत कागद हातोहात फिरतो, आणि एका मुलाचं नाव वाचलं गेलं तर ती आई पुन्हा बैठकीला येत नाही.

किती बैठका, कुठे

पट ६० असेल तर भावंडं धरून घरं साधारण ४० ते ४५ होतात. पटावरून भावंडांच्या जोड्या लावून खरा आकडा काढा. एका बैठकीला दहा-बारा घरं धरली तर चार बैठका. याहून मोठी बैठक करायचा मोह टाळा. पंधराच्या वर माणसं गेली की मागची रांग तयार होते, मागची रांग आपसात बोलू लागते, आणि बैठकीची सभा होते.

घरांची विभागणी पटावरच्या आडनावांवरून करू नका. गावचा नकाशा हातानं काढा: गावठाण, मळ्यातली घरं, तांडा किंवा पाडा, नवीन वसाहत, गावाबाहेरची वस्ती. सर्वांत लांबच्या वस्तीपासून सुरुवात करा. गावठाणातल्या लोकांचं म्हणणं शाळेत तसंही पोचतं. दोन किलोमीटरवरच्या मळ्यातल्या बाईचं पोचत नाही. शिवाय पहिली बैठक लांबच्या वस्तीत झाली ही बातमी गावभर जाते आणि पुढच्या बैठकांचं वजन वाढतं.

जागा निवडताना एकच कसोटी: इथं यायला कुणाला अवघड वाटेल का? एका गटाच्या पुढाऱ्याच्या अंगणात बैठक ठेवली तर दुसऱ्या गटाची घरं येणार नाहीत, आणि ती तोंडावर सांगणारही नाहीत. काही घरांच्या ओट्यावर सगळ्या जातींची माणसं मोकळेपणानं बसत नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तिथं अंगणवाडीचा व्हरांडा, सार्वजनिक पार किंवा मोकळं पटांगण घ्या. देवळाच्या सभामंडपाबद्दलही आधी दोन बायकांना विचारा. जागा रस्त्याच्या अगदी कडेला नको, नाहीतर येणारा-जाणारा थांबतो आणि विषय बदलतो. दिवा मात्र हवा. रात्रीची बैठक असेल तर चार्जिंगचा कंदील सोबत ठेवा.

वेळ ठरवणं हे निम्मं काम

वस्तीतल्या दोन बायकांना आणि दोन पुरुषांना वेगवेगळं विचारा. बायका शेतातून सहाला येतात, मग स्वयंपाक, जेवणं. साडेआठच्या आधी त्या मोकळ्या होत नाहीत. पुरुषांना डेअरीला दूध घालायचं असतं. शेतीपंपाची लाईट कुठं आठवड्याआड रात्रीची असते. त्या आठवड्यात पाणी धरायला गेलेला माणूस बैठकीला येऊ शकत नाही. नळाला पाणी येण्याची वेळ कटाक्षानं टाळा. पाणी आलं की बैठक उठते, आणि तसं उठण्यात त्यांची काही चूक नाही. बाजाराचा दिवस, गावातलं लग्न, सप्ताह, दहाव्याचा विधी हे सगळं आधी विचारून घ्या.

महिन्यांचाही विचार हवा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. त्या वस्तीतली बैठक सप्टेंबरमध्येच झाली पाहिजे, कारण मुलांना मागे कुणाजवळ ठेवायचं, हंगामी वसतिगृहाची मागणी करायची का, हे तिथंच ठरतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर बैठका पुढे ढकला. त्या काळात कुठल्याही बैठकीला लोक प्रचार समजतात आणि तो शिक्का वर्षभर पुसत नाही.

निमंत्रण घरी जाऊन

व्हॉट्सअॅपच्या निरोपावर माणसं येत नाहीत, आणि आईकडे बऱ्याचदा स्वतःचा फोन नसतो. तीन दिवस आधी एकदा आणि त्याच दिवशी संध्याकाळी एकदा, अशा दोन फेऱ्या करा. बैठकीच्या दहा-बारा घरांपैकी एकही घर सोडू नका.

दारात उभं राहून इतकंच बोला: "ताई, मंगळवारी रात्री साडेआठला अंगणवाडीपुढं आपल्या वाडीतले पालक बसणार आहोत. तिसरी-चौथीच्या पोरांच्या वाचनाचं बोलायचंय. तासाभरात उठू. वर्गणी मागायची नाही. तुमचं म्हणणं हवंय, म्हणून आलोय." यातलं "वर्गणी मागायची नाही" हे वाक्य गाळू नका. शाळेचा निरोप म्हणजे पैशांची मागणी, ही खूणगाठ पक्की बसलेली असते.

निमंत्रणाला शाळेतल्या मुलाला पाठवू नका. मूल निरोप विसरतं, किंवा घरात असा अर्थ होतो की पोरानं काहीतरी केलंय. आईला बोलावताना सासूलाही सांगा. तिचा होकार असेल तर सून निवांत बसते. नातवंडांना शाळेत सोडणारी आजी तर बैठकीत फार मोलाची असते. मूल सकाळी काय खातं, कधी रडतं हे तिला सगळ्यांत नीट माहीत असतं.

बैठकीला लागणारी माणसं आणि सामान

माणसं चार. घरमालक किंवा घरमालकीण, जिच्या शब्दावर शेजारी येतात. बोलतं करणारा एक, ज्यानं स्वतः कमी बोलायचं. लिहिणारा एक. आणि मुलांना सांभाळणारी एक. ही चौथी भूमिका हमखास राहून जाते आणि बैठक तिथंच मोडते: पाच-सहा लहान मुलं बरोबर येतात, दहाव्या मिनिटाला एक रडतं, आई उठते, तिच्या मागे दुसरी. आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला दहा पावलांवर सतरंजी, कागद आणि खडूची पेटी देऊन बसवा.

शिक्षक असावेत का? पहिल्या बैठकीला एकच शिक्षक, तोही वर्तुळात खाली बसणारा, आणि शेवटच्या वीस मिनिटांसाठी. सुरुवातीपासून तीन शिक्षक बसले की पालक "सगळं चांगलं आहे" एवढंच म्हणतात.

सामान थोडकं: दोन मोठ्या सतरंज्या, शेजारून आणलेली पाण्याची कळशी, एक वही, दोन पेनं, मोठ्या अक्षरात लिहिलेला शाळेचा कागद. खुर्च्या नकोत. दोन खुर्च्या आल्या की त्यावर कोण बसणार हे ठरतं आणि बाकीचे श्रोते होतात. फक्त गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला खुर्ची द्या. चहा ठेवलात तर शेवटी, आणि दर वेळी वेगळ्या घरी; एकाच घरावर खर्च पडू देऊ नका. हार, नारळ, सत्कार काही नको.

तो एक तास

साडेआठची वेळ दिली असेल तर आठ-चाळीसला सुरू करा, चार जण आले असले तरी. उशिरा सुरू झालेली बैठक उशिरा संपते, आणि पुढच्या वेळी लोक आणखी उशिरा येतात.

पहिली दहा मिनिटं ओळखीची. प्रत्येकानं आपलं नाव, मुलाचं नाव आणि इयत्ता सांगायची. सगळे एकमेकांना ओळखत असले तरी हे करा. ज्या बाईचा आवाज पहिल्या दहा मिनिटांत एकदा निघाला, ती नंतरही बोलते. "मी यश ची आई" म्हणून कुणी थांबली तर तिचं स्वतःचं नाव आपुलकीनं विचारा आणि पुढं त्याच नावानं हाक मारा.

पुढची दहा मिनिटं शाळेच्या कागदाची. आकडे वाचून दाखवा, चांगले आणि वाईट दोन्ही. भाषण करू नका. तुमची दहा मिनिटं संपली की कागद मधोमध ठेवा.

मग वीस मिनिटं पालकांची, आणि हीच बैठकीची खरी कमाई. इथं प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. "शाळेबद्दल काही अडचण आहे का?" असं विचारलंत तर उत्तर येतं, "नाही, बरंय सगळं." कारण अडचण सांगणं म्हणजे गुरुजींची तक्रार करणं. त्याऐवजी विचारा, "घरी आल्यावर पोरगी शाळेतलं काय सांगते?" "गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी पोर शाळेत जायला नको म्हणालं? का?" "गृहपाठ करताना नक्की कुठं अडतं?" असे प्रश्न घरातल्या प्रसंगावर येतात, आणि प्रसंग सांगायला कुणी घाबरत नाही. त्यातूनच कळतं की पाचवीतल्या मुली दुपारनंतर घरी येतात कारण स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. की ओढ्याला पाणी आलं की पलीकडची सहा मुलं चार-चार दिवस शाळेत येत नाहीत. शाळेच्या नोंदीत हे फक्त 'गैरहजर' एवढंच दिसतं.

प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहा. शांतता अवघड वाटते आणि आपणच उत्तर भरायला लागतो. मनात वीसपर्यंत मोजा. बहुतेक वेळा त्याआधीच कुणीतरी बोलतं. एकच माणूस बोलत राहिला तर त्याचं शेवटचं वाक्य धरून दुसऱ्याकडं वळा: "आबा म्हणतात ओढ्याची अडचण आहे. ताई, तुमच्या पोरीचं काय होतं पावसात?"

चाळिसाव्या मिनिटाला लिहिणाऱ्यानं आलेले मुद्दे वाचून दाखवायचे आणि त्यातलं एक निवडायचं. निवडताना तीन गोष्टी विचारा. पंधरा दिवसांत होईल का? आपल्या हातानं होईल का? झालं की मुलांना दिसेल का? पहिल्या बैठकीत खोल्यांचं बांधकाम, शिक्षकांची भरती, संरक्षक भिंत असे विषय निवडू नका. ते खरे आहेत, त्यांची वेगळी नोंद ठेवा, त्यांचा रस्ता समितीतून आणि ग्रामसभेतून जातो. पण पहिलंच काम वर्षभर लटकलं तर दुसऱ्या बैठकीला कुणी येत नाही.

शेवटची दहा मिनिटं: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. "आपण सगळे मिळून करू" असं वहीत लिहिलं तर ते काम कुणाचंच नसतं. "स्वच्छतागृहाची कडी: गणपतदादा, शनिवारपर्यंत, कडी शाळेकडून, बसवणं दादांचं." असं लिहा आणि मोठ्यानं वाचा. पुढच्या बैठकीची तारीख तिथंच ठरवा आणि साठाव्या मिनिटाला उठा.

बैठक कुठं घसरते

कुणी शिक्षकाचं नाव घेऊन तक्रार करतं: "ते अकराला येतात." यावर वाद घालू नका आणि बाजूही घेऊ नका. वहीच्या मागच्या पानावर जसंच्या तसं लिहा, वाचून दाखवा आणि सांगा की हे समितीच्या बैठकीत ठेवू, अमुक तारखेला उत्तर आणू. उत्तर खरोखर आणा. शिक्षक त्या दिवशी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, परिषदेला गेलेला असू शकतो, किंवा तक्रार खरीही असू शकते. दोन्हीचा निकाल अंगणात लागत नाही. मुलाला मारहाण किंवा त्याहून गंभीर काही ऐकलं तर मात्र ते बैठकीत उकलू नका. बैठक संपल्यावर त्या पालकाशी वेगळं बोला. मारहाण असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी द्यायला मदत करा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर त्याच दिवशी चाइल्डलाइनच्या १०९८ वर किंवा पोलिसांकडे कळवा. पोक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे, शाळेत आपसात मिटवणं चालत नाही.

"इंग्रजी शाळेची गाडी दारात येते, आम्ही पोर तिकडं घालणार" हेही ऐकू येतं. त्या पालकाला दोष देऊ नका, तो पोराच्या भल्याचंच बघतोय. विचारा की तिकडं काय मिळतं जे इथं नाही. उत्तर बहुतेकदा इंग्रजी बोलणं, शिस्त, गणवेश आणि गाडी एवढ्यात येतं. यातलं काय आपल्या शाळेत होऊ शकतं ते लिहून घ्या. सेमी इंग्रजीची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची, मागणी असेल तर तो समितीच्या ठरावाचा विषय आहे.

पुढारी निमंत्रण नसताना येतो आणि आश्वासन देतो. त्यांना वर्तुळात बसवा, ऐका, आश्वासन तारखेसह वहीत लिहा आणि त्यांनाच वाचून दाखवा. दारू प्यायलेला माणूस आला तर घरमालकानंच त्याला बाजूला न्यावं, बाहेरून आलेल्यानं नाही.

आणि कुणीच आलं नाही तर? आलेल्या तिघांशी बसा, पूर्ण तास द्या, काम ठरवा, ते पूर्ण करा. तीन घरांनी बसवलेली कडी तेरा घरांना दिसते.

काय मागायचं, कोणत्या क्रमानं

पहिल्यांदा वेळ मागा, मग वस्तू, मग श्रमदान, आणि सगळ्यांत शेवटी पैसा. वेळ म्हणजे काय? संध्याकाळी सात ते साडेसात घरातला टीव्ही बंद आणि मूल मोठ्यानं वाचतंय, एवढंच. आईला वाचता येत नसलं तरी चालतं, तिनं शेजारी बसून "मग पुढं काय झालं?" विचारायचं. शब्दांवर अडलेल्या पाच मुलांसाठी वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलीनं आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास दिला तर तीन महिन्यांत फरक दिसतो. पुस्तकं शाळेच्या कपाटात असतात. ती फाटतील म्हणून कुलपात ठेवलेली असतील तर वीस पुस्तकांची पिशवी वस्तीत फिरवायची परवानगी मुख्याध्यापकांकडून घ्या आणि नोंद वहीत ठेवा.

वस्तू मागताना यादी नेमकी द्या. "शाळेला मदत करा" म्हटलं की जुनी भांडी आणि तुटका पंखा येतो. "दोन नळ, अर्धा इंची, आणि एक टेफ्लॉन टेप" म्हटलं की तेच येतं. श्रमदानाला चार तासांहून मोठं काम घेऊ नका, हत्यारं आदल्या संध्याकाळी शाळेत आणून ठेवा, आणि मुलांना विजेच्या, उंचीच्या किंवा टाकीत उतरायच्या कामाजवळ फिरकू देऊ नका.

पैसा गोळा करायचाच झाला तर तो वस्तीबैठकीत रोख स्वरूपात घेऊ नका. समितीत ठराव, दोन दुकानांची कोटेशनं, शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यात जमा, प्रत्येकाला पावती, आणि काम झालं की खर्चाचा तक्ता शाळेच्या फळ्यावर. उरलेले ३४० रुपयेसुद्धा तिथं लिहा. वर्गणी सक्तीची नाही आणि न देणाऱ्याचं नाव कुठंही लिहायचं नाही. शिक्षण हक्क कायद्यानं या शाळेतलं शिक्षण मोफत आहे. देणगी न दिल्यानं कुणाच्या मुलाचं काहीही अडता कामा नये, आणि ते मुलाला जाणवताही कामा नये.

नंतरचे सात दिवस

दुसऱ्या दिवशी वहीतलं काम मुख्याध्यापकांना दाखवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ज्यानं काम घेतलं त्याच्याकडं सहज चक्कर मारा. अडलं असेल तर तेव्हाच कळतं. सातव्या दिवशी काम झालं असेल किंवा नसेल, बैठकीला आलेल्या प्रत्येक घरी दोन वाक्यांत कळवा. झालं नसेल तर कारण आणि नवी तारीख सांगा. बैठकांची साखळी तुटते ती बहुतेक इथं. काम न झाल्याचा लोकांना इतका राग येत नाही, जितका काहीच न कळल्याचा येतो.

वहीत रकाने सहा पुरेत: तारीख व वस्ती, हजर नावं, मुद्दे, ठरलेलं काम, कोण व कधी, झालं का. मुलांचे फोटो समूहात टाकण्याआधी पालकांना विचारा. व्हॉट्सअॅप समूह केलाच तर संदेश पाठवायची मुभा फक्त अॅडमिनना ठेवा, नाहीतर आठवड्याभरात शाळेचा निरोप शुभेच्छांखाली दबतो.

मोठे प्रश्न समितीत आणि ग्रामसभेत

चार वस्त्यांच्या वह्या एकत्र केल्या की जे मुद्दे तिन्ही-चारही ठिकाणी आले ते आपोआप वर येतात. त्यांचं पुढचं घर शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत निदान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं आणि अनुदानाचा विनियोग पाहणं ही तिची कामं. मुद्दा तोंडी मांडू नका. वस्ती, तारीख, हजर पालकांची संख्या आणि नेमकी मागणी असा अर्धा पानाचा अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर पोच घ्या. ठराव झाला की इतिवृत्तात त्याचा क्रमांक पाहून वहीत लिहा.

शिक्षकाची जागा रिकामी असेल तर समितीचा ठराव, पटाचा तक्ता आणि परिशिष्टातलं प्रमाण जोडून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. मुलांच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार याच कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. अर्जावर कलमाचा उल्लेख करा, आवक क्रमांक घ्या, तीन महिन्यांची तारीख वहीत टाका.

पाणी, रस्ता, ओढ्यावरचा साकव, कुंपण हे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसतं. राज्यात वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हायच्या असतात आणि त्या सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळणी ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणून शाळेचा विषय ऑक्टोबरच्या सभेत आला पाहिजे. जानेवारीत उभं राहून बोललात तर आराखडा भरलेला असतो. विषय सभेच्या विषयपत्रिकेवर यावा म्हणून आधी लेखी पत्र द्या. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. शाळेचा ठराव तिथं आधी करून घ्या, कारण वस्तीबैठकीत बोलती झालेली आई महिला सभेत पहिल्यांदा उभी राहते आणि मग मोठ्या सभेतही मागं हटत नाही. ग्रामसभेला प्रत्येक वस्तीतून निदान पाच जण यावेत. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली कमी संख्या लागते. ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तुमचा विषय पुढं जातो.

वर्षात कधी काय

एप्रिल-मेमध्ये दाखलपात्र मुलांच्या घरांची एक फेरी आणि पहिलीत येणाऱ्यांच्या पालकांसाठी एक बैठक, अंगणवाडीताईंना सोबत घेऊन. जुलैत, शाळा स्थिरावल्यावर, प्रत्येक वस्तीत पहिली बैठक. सप्टेंबरमध्ये दुसरी: ३० सप्टेंबरचा पट यू-डायसच्या नोंदीला आणि शिक्षकांच्या मंजुरीला महत्त्वाचा असतो, तेव्हा गळालेली मुलं त्याआधी शाळेत परत आणायची, स्थलांतर करणाऱ्या घरांशी बोलणंही याच फेरीत. डिसेंबर-जानेवारीत तिसरी, त्यात वाचनाचा तक्ता पुन्हा मांडायचा: जुलैत गोष्ट वाचणारी ५ होती, आता किती? हा एक आकडा मोठ्या अक्षरात लिहून न्या, आणि वाचायला वस्तीतल्याच, अर्धा तास शिकवणाऱ्या मुलीच्या हातात द्या.